युद्धाच्या बातमीतले क्रियापद



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ असले काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही भाषेचा विषय सांगितला आणि चिटणीसांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. ती रास्तच होती. या व्यासपीठावरून भाषेविषयी बोलणारी मंडळी व्युत्पन्न असतात, आणि आमचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकाबाहेर व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. व्याकरण आम्ही परीक्षेसाठी शिकलो नाही. आमच्याच संपाची एक बातमी वर्तमानपत्रात वाचली, ती बोचली, आणि ती एवढी का बोचली हे शोधता शोधता जे थोडे व्याकरण पदरात पडले तेवढेच आमच्याजवळ आहे.

ती बातमी तीन वाक्यांची होती. ‘संतप्त कामगारांनी दगडफेक केली. पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला. त्यात काही जण जखमी झाले.’ आता खरे सांगायचे तर या बातमीत खोटे काहीच नव्हते. दगड पडले होते. पहिला कोणी मारला हेही आम्हांला ठाऊक होते, आणि त्या पोराला आम्ही नंतर चांगले फैलावर घेतले. लाठ्या चालल्या होत्या. माणसे जखमी झाली होती. तक्रार घेऊन जावे तर संपादक विचारणार, यात चुकीचे काय ते दाखवा. तरीही आमच्या एका सहकाऱ्याने, ज्याच्या डोक्याला सात टाके पडले होते, तो कागद चुरगाळून फेकून दिला. ‘सौम्य’ हा शब्द लाठी खाणाऱ्याने वापरल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

वाचनालयात मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ची एक जीर्ण प्रत होती. मोठा ग्रंथ, १९११ सालचा. सगळा कळला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण विभक्ती आणि प्रयोग यांची पाने पुन्हा पुन्हा वाचली आणि आमच्या तीन वाक्यांचे कोडे उलगडले. ‘कामगारांनी दगडफेक केली’ यात कर्ता कसा स्वच्छ आहे! तृतीयेत उभा आहे, हातात दगड आहे. ‘पोलिसांना लाठीमार करावा लागला’ यात पोलीस चतुर्थीत जाऊन बसले. मराठीत ‘मला ताप आला’, ‘मला ठेच लागली’, ‘मला जावे लागले’ असे आपण म्हणतो, त्यातला ‘मला’ काही करीत नसतो. त्याच्यावर काहीतरी येऊन पडलेले असते. म्हणजे ज्याच्या हाती लाठी तोच त्या वाक्यात बिचारा ठरला. तिसऱ्या वाक्यात तर कोणीच नाही. माणसे जखमी ‘झाली’, पावसात भिजून ओली व्हावीत तशी.

तेव्हापासून आम्हांला एक खोड लागली. बातमी वाचताना हातात पेन्सिल घ्यायची आणि क्रियापदाखाली रेघ मारायची. संपाच्या बातम्या रोज येत नाहीत. युद्धाच्या मात्र आमच्या हयातीत एक दिवस खंड पडलेला आठवत नाही. तिथेही हीच तीन वाक्ये सापडली; लाठीच्या जागी बाँब, एवढाच फरक.

या खोडीत आम्हांला फार जुना सोबती मिळाला. त्याचे नाव कार्ल मार्क्स. पुढच्या रांगेतील काही मंडळी सावरून बसली हे आम्हांला दिसते आहे. पण आज आम्ही वर्गणी मागायला आलेलो नाही. १८५७ साली मार्क्स लंडनमध्ये राहून ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’ या अमेरिकन पत्राला लेख पाठवीत असे. १६ सप्टेंबर १८५७ च्या अंकात हिंदुस्थानातील उठावावर त्याचा लेख आहे. शिपायांनी केलेल्या क्रूर कृत्यांवर त्यात तो पांघरूण घालत नाही. ती भयंकर आहेत असे म्हणूनच तो सुरुवात करतो. मग तो इंग्रजी वृत्तपत्रे पुढे ठेवतो आणि सांगतो की, इंग्रजांचे अत्याचार ही पत्रे लष्करी धडाडी म्हणून दोन ओळींत, किळसवाण्या तपशिलावर न रेंगाळता सांगतात. नेटिवांचे अत्याचार मात्र, मुळात ते भयंकर असतानाही, मुद्दाम फुगवून सांगतात. मेरठ आणि दिल्ली येथील क्रौर्याचा जो सविस्तर वृत्तान्त प्रथम ‘टाइम्स’मध्ये आणि मग लंडनच्या सगळ्या पत्रांत फिरला, त्याचा लेखक कोण याचाही त्याने माग काढला. तो निघाला बंगळूरला राहणारा एक पाद्री! घटनास्थळापासून हजार मैलांहून दूर.

आता कानपूर घ्या. १५ जुलै १८५७ रोजी बिबीघरात सुमारे २०० इंग्रज स्त्रिया आणि मुले कापली गेली आणि त्यांची प्रेते विहिरीत टाकली गेली. हे घडले. नानासाहेबांचे नाव आपल्याला कितीही प्यारे असो, मराठी माणसाने हे झाकू नये. (आम्हीही आत्ता ‘कापली गेली’ म्हणालो, हे तुमच्या ध्यानात आले असेल. जीभ कशी वळते पहा. नानासाहेबांच्या पक्षाच्या लोकांनी त्यांना कापले.) पण त्याच्या आधी, जून महिन्यात, कर्नल नीलने अलाहाबादेस आणि आसपासच्या खेड्यांत सरसहा माणसे फाशी दिली होती. पंचांग उघडून बसले तर फाशा आधीच्या आणि विहीर नंतरची. तरी इंग्रजी कथनात फाशा कायम ‘सूड’ म्हणून येतात. सूड हा नेहमी नंतरचा असतो. तेवढ्या एका शब्दाने जून महिना उचलून जुलैच्या पलीकडे नेऊन ठेवला.

‘टाइम्स’चाच विल्यम हॉवर्ड रसेल पुढच्या वर्षी हिंदुस्थानात आला. क्रिमियाच्या युद्धाच्या बातम्यांनी नाव कमावलेला हा माणूस. बिबीघराच्या भिंतींवर मेलेल्या स्त्रियांच्या नावाने सूड मागणारी वाक्ये लिहिलेली होती आणि ती वाचून इंग्रज शिपाई पेटून उठत. रसेलने लिहून ठेवले की, हॅवलॉकचे सैन्य तिथे शिरले तेव्हा ती वाक्ये भिंतीवर नव्हती. ती मागाहून लिहिली गेली. असाही बातमीदार असतो, आणि तो त्याच पत्राचा होता. म्हणून वर्तमानपत्रांना सरसकट शिव्या देणे आम्हांला मान्य नाही. एकाच छापखान्यातून बंगळूरचा पाद्रीही निघतो आणि रसेलही.

आपल्याकडच्या शब्दांचे काय झाले? विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. झाशी पडली तेव्हा ते गावातच होते. गोऱ्यांनी घरोघर शिरून माणसे मारली ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचे पुस्तक १९०७ साली छापले गेले, त्याच्या नावातच ‘१८५७ च्या बंडाची हकीकत’ असे शब्द आहेत. ‘बंड’ म्हणजे धन्याविरुद्ध उठणे. तो शब्द उच्चारला की कंपनी सरकार आपले धनी होते हे आपणच कबूल करतो. दोनच वर्षांनी, १९०९ साली, त्याच घटनांवरचा सावरकरांचा ग्रंथ इंग्रजी भाषांतराच्या रूपाने परदेशात छापला गेला, तो ‘स्वातंत्र्यसमर’ म्हणून. सरकारने तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंद केला. सावरकरांचे राजकारण आमचे नव्हे, हे या गावात सर्वांना माहीत आहे. पण ‘बंड’ आणि ‘समर’ या दोन शब्दांत किती दारूगोळा भरलेला आहे हे त्या बंदीइतके स्पष्ट कोणीच सांगितलेले नाही.

जुन्या गोष्टी म्हणून सोडून द्याव्यात, तर १९९१ चे आखाती युद्ध आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत लंडनच्या ‘गार्डियन’ने एक मासलेवाईक उद्योग केला. ब्रिटिश पत्रांनी एका आठवड्यात वापरलेले शब्द गोळा करून ते दोन रकान्यांत छापले. एका बाजूला ‘आपण’, दुसऱ्या बाजूला ‘ते’. आपल्याकडे भूदल, नौदल, हवाईदल असते. त्यांच्याकडे युद्धयंत्र असते. आपल्याकडे वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वे असतात, त्यांच्याकडे सेन्सॉरशिप. आपले जवान खंदक खणून पाय रोवतात. त्यांचे जवान बिळात दडून बसतात. आपले निष्ठावान, त्यांचे आंधळे आज्ञाधारक. तोच खंदक, तीच माती, तीच भीती! पुढच्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीला, बगदादमधील अमिरिया येथील आश्रयस्थानावर अमेरिकन विमानांनी बाँब टाकले आणि आत झोपलेली ४०० हून अधिक माणसे मारली. बहुतेक स्त्रिया आणि मुले. ‘गार्डियन’च्या त्या रकान्यांत आपल्या क्षेपणास्त्रांनी जे होते त्याला आनुषंगिक हानी म्हटलेले आहे, आणि त्यांच्या क्षेपणास्त्रांनी जे होते त्याला नागरिकांचे मृत्यू. ‘हानी’ हा शब्द आम्ही कारखान्यात ऐकतो तो यंत्राच्या बाबतीत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली तेव्हा तर जिभेवरचा पडदाच गळून पडला. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीचा बातमीदार कीव्ह शहरातून सांगत होता की, हे काही इराक किंवा अफगाणिस्तान नव्हे; हे त्या मानाने सुसंस्कृत, त्या मानाने युरोपीय शहर आहे. शब्द जपून वापरले पाहिजेत, असे तो बोलता बोलताच म्हणाला, आणि जपून वापरलेले शब्द हे असे निघाले. नंतर त्याने माफी मागितली. लंडनच्या एका दैनिकातील लेखकाला धक्का बसला तो एवढ्यासाठी की, हे लोक अगदी आपल्यासारखे दिसतात. युक्रेनच्या माणसांचे दुःख खरे होते, आजही आहे. त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण ज्या बगदादने जगाला ग्रंथालये दिली ते असंस्कृत, आणि तिथे बाँब पडणे म्हणजे पावसाळ्यात पाऊस पडणे, असा याचा अर्थ होतो की नाही?

पुढच्या वर्षी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, हमासच्या लोकांनी इस्रायलमध्ये शिरून सुमारे १२०० माणसे मारली. ते हत्याकांड होते, दुसरा शब्द नाही. त्यानंतर गाझावर जे बाँब पडू लागले त्यांत पहिल्या सात आठवड्यांतच तेथील आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे चौदा हजारांवर माणसे गेली. अमेरिकेतील ‘द इंटरसेप्ट’ या वृत्तसंस्थेने तिथल्या तीन मोठ्या दैनिकांतील त्या काळच्या हजाराहून अधिक बातम्या तपासल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये हिशेब प्रसिद्ध केला. पत्रकारांनी स्वतःच्या लेखणीतून ‘हत्याकांड’ या अर्थाचा शब्द इस्रायली मृतांसाठी १२५ वेळा वापरला, पॅलेस्टिनी मृतांसाठी २ वेळा. ‘कत्तल’ या अर्थाचा शब्द ६० वेळा आणि १ वेळा. आम्ही आयुष्यभर हजेरीपटाचे हिशेब तपासले आहेत; इतका तिरका हिशेब फार थोड्या ठेकेदारांच्या वहीत पाहिला. यात एकही बातमी खोटी असण्याची गरज नाही. फक्त एका बाजूची माणसे कोणीतरी मारली, आणि दुसऱ्या बाजूची माणसे ‘मरण पावली’.

तुम्ही म्हणाल, ही साहेबाच्या भाषेची खोड. मराठी पत्राचा काय संबंध? संबंध रात्री अकरा वाजता येतो. परदेशची युद्धे मराठी पत्रांत बहुधा वृत्तसंस्थांच्या इंग्रजी मजकुरातून येतात. अंक छापायला जायची घाई, टेबलाशी एकटा उपसंपादक, आणि समोर भाषांतराला मजकूर. तो बिचारा शब्दाला शब्द ठेवीत जातो. पूर्वग्रह पाकिटासकट उतरतो. साधे ‘मध्यपूर्व’ पहा. मुंबईच्या धक्क्यावर उभे राहून अरबस्तानाकडे बोट करा. बोट पश्चिमेकडे जाते! तो मुलूख पूर्वेला दिसतो तो लंडनहून. आपले सरकार ‘पश्चिम आशिया’ म्हणते, आणि आपण चहाच्या टपरीवर अजून लंडनच्या खिडकीतून बघतो.

पण आपल्या घरचे शब्द काही उसने आणलेले नाहीत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण कोणा साहेबाने शिकवली नाही. आपला सैनिक धारातीर्थी पडतो, त्याला वीरमरण येते. त्यांच्या सैनिकाला आपण कंठस्नान घालतो, यमसदनी धाडतो, त्याचा खात्मा करतो. आपण मागे सरलो तर ती डावपेचाची माघार. तो मागे सरला तर त्याने शेपूट घातली. ज्या आईचा मुलगा गेला तिच्यासमोर ‘वीरमरण’ हा शब्द काढून घ्या असे आम्ही कधीही म्हणणार नाही. तो तिचा आहे. आमचे म्हणणे बातमीपुरते आहे.

आणि एक गोष्ट सांगतो, ती वर्तमानपत्रे नव्हती तेव्हाची. १७६१ साली पानिपत झाले. (पहा, ‘पानिपत झाले’! हरलो म्हणायला नको.) ती वार्ता नानासाहेब पेशव्यांना वाटेत कळली ती सावकारी चिठ्ठीतून, अशी हकीकत सांगतात. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांबे किती गेले त्याचा हिशेब नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. शाळेत हे ऐकताना आम्हीही इतर मुलांसारखे मोत्यांसाठी हळहळलो. पुष्कळ वर्षांनी, एका अपघातात गेलेल्या हंगामी कामगारांची नावे व्यवस्थापनाच्या कागदावर शोधत असताना, ती चिठ्ठी अचानक आठवली. त्या कागदावर नावे नव्हती, आकडा होता. चांदी-तांबे ते आम्ही. आपल्याच बाजूची, आपल्याच भाषेतली, आपल्याच दुःखाची ती वार्ता. आणि तीत घोड्याची खरारी करणारा, तोफ ओढणारा, भाकरी भाजणारा माणूस मोजायचाही राहिला.

आता स्वतःच्या पदराकडे. एका संपात ठेकेदाराने परप्रांतातून माणसे आणून यंत्रे चालवली. आम्ही पत्रक काढले. मजकूर आमचा, अक्षर आमचे. त्यात त्या माणसांना ‘भाडोत्री टोळी’ म्हटले आणि ‘टोळधाड’ही म्हटले. काही वर्षांनी त्यांच्यातलाच एक जण युनियनचा सभासद झाला, पुढे कार्यकारिणीवर आला. मराठी वाचायला शिकल्यावर त्याने कचेरीच्या कपाटातले जुने पत्रक काढले, आमच्यापुढे ठेवले आणि एवढेच विचारले, “भाऊ, ये टोळी में मैं भी था क्या?” आम्ही हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

म्हणून २०२५ च्या मे महिन्याची गोष्ट सांगताना आमचा सूर उपदेशकाचा नाही. २२ एप्रिलला पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांना गोळ्या घातल्या. त्यांत महाराष्ट्रातले ६ जण होते. त्या संतापात मे महिना उजाडला. ७ तारखेला पाकिस्तानच्या तोफांचे गोळे पूंछ शहरावर पडले. त्यात मदरशात शिकवणारे एक मौलवी ठार झाले. ते भारताचे नागरिक, शत्रूच्या गोळ्याने आपल्या भूमीवर मेलेले. आपल्या काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून त्यांना दहशतवादी ठरवले आणि आपल्या सैन्याने त्यांना मारल्याचा आनंद केला. दाढी आणि टोपी एवढ्यावरून क्रियापद ठरले. मेलेल्याचा देशसुद्धा बदलला. पूंछच्या पोलिसांना खुलासा काढावा लागला. इथे ‘लागला’ हे क्रियापद योग्य आहे.

दुसऱ्या दिवशी, ८ मेच्या रात्री, आम्ही कचेरीत पंधरावीस जण दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. एकामागून एक वाहिनी सांगू लागली की, आपल्या नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केले. तसे काही झालेच नव्हते. पण ते सकाळी कळले. त्या क्षणी पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. पेन्सिल खिशात होती.

कोपऱ्यात आमचे एक जुने स्नेही बसले होते. मुंबईच्या गोदीत बत्तीस वर्षे काढून ते इथे मुलाकडे राहायला आलेले. त्यांचे वडीलही गोदीत होते आणि त्याआधी काही वर्षे कराचीच्या बंदरात. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, तिकडे मराठी माणसे पोटासाठी जात. टाळ्या थांबल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिले. साडेअकरा वाजून गेले होते.

“काय हो,” ते आम्हांला म्हणाले, “त्यांच्याकडे पण रात्रपाळी अकरालाच चढत असेल, नाही?”